पट्ट्याखाली

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. खोली वाटली होती त्यापेक्षा ऐसपैस निघाली. वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून फाटक आणि रस्ता दिसतो, आणि पलंग कुरकुरत नाही, म्हणजे अर्धी लढाई जिंकली. आईला फोन केला तर मागून दादाचा आवाज. कुत्र्याने माझी मुलाखत घेतली का, आणि पास केलं का, असं विचारत होता. दादाच्या मते मी माणसांच्या शाळेत कशीबशी तरले म्हणून कुत्र्यांची शाळा काढलीय. बोलू दे. पहिल्या दिवशी सोडायला येतो म्हणून हट्ट धरून बसला होता तोच, मीच नको म्हटलं.

घरात माणसं दोनच. काकू शिवणकाम करतात. खाली पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे तागे, बटणांच्या बरण्या. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे तरी जीभ आणि पाय दोन्ही चालूच. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते बोलतात कमी आणि खाकरतात जास्त. घरातसुद्धा गळ्याभोवती मफलर.

आणि रणगाडा. त्याचं खरं नाव काहीतरी गोंडस होतं म्हणे, पण त्याने काकूंना रस्त्यावरून फरफटत नेऊन त्यांचं मनगट मोडलं तेव्हापासून हेच नाव पडलं. तपकिरी, थोराड, एक कान उभा आणि एक आडवा. मला पाहून त्याने शेपूट अशी हलवली की मागचं अर्धं अंग हललं. मुलाखतीत पास.

काम साधं आहे. तो दोरीला न ओढता, शांतपणे शेजारून चालला पाहिजे. राहणं-खाणं त्यांच्याकडे. एकच अट काकूंनी दोनदा सांगितली. त्याच्या गळ्यातला पट्टा काढायचा नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज पहिली फेरी. खांदा अजून जागेवर आहे, यातच सगळं आलं.

ओढणारी कुत्री मी खूप पाहिलीत. बहुतेक सगळी वासामागे, मांजरामागे, दुसऱ्या कुत्र्यामागे ओढतात. रणगाडा कशाच्याच मागे जात नाही. तो फक्त घरापासून लांब जातो. फाटकाबाहेर पाऊल पडलं की डोकं खाली, छाती जमिनीला, आणि असा ओढतो की त्याचाच श्वास कोंडून खरखरायला लागतो. कोपऱ्यावर थांबलो तेव्हा तोंडातून फेस गळत होता, गुलाबी. माझ्या बुटावर पडला. चिकट, कोमट. पुसायला गेले तर तार निघाली. कुत्र्यांच्या लाळेचं मला काही वाटत नाही, पण याला वास होता. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा.

पट्टा अजब आहे. चांगला तळहाताएवढा रुंद, गोधडीसारखा जाड, काकूंनी स्वतः शिवलेला. त्याला बक्कल नाहीच. कुत्र्याच्या गळ्यातच टाके घालून बंद केलाय. काकू म्हणाल्या, त्याला कातडीचा आजार आहे, आत औषध भरलंय, उघडलं की चिघळतं. मी सांगितलं की मग दोरी गळ्यात बांधणं चुकीचंच, छातीवरून जाणारा हार्नेस लागेल, माझ्याकडे आहे. मला वाटलं वाद घालतील. तर त्यांनी चक्क माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तेच हवंय गं मला. मानेला हिसका बसता कामा नये.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. कुत्र्यावर एवढी माया करणारी माणसं मला आवडतात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

हार्नेसने फरक पडतोय. पद्धत माझी नेहमीचीच. दोरी ताणली की मी जागच्या जागी उभी. ओरडायचं नाही, हिसडायचं नाही, नुसतं खांबासारखं उभं राहायचं. तो वळून बघतो, दोरी सैल पडते, लगेच शाबासकी आणि चालायला सुरुवात. माझ्या डाव्या गुडघ्याशी आला की खाऊ तिथेच, गुडघ्याला लावून, म्हणजे ती जागा त्याला गोड वाटायला लागते. मध्ये मध्ये मनसोक्त वास घेऊ द्यायचा, तोही खाऊच. आज फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जायला इतका वेळ लागला की समोरचा सायकलवाला जाऊन परतही आला आणि हसला.

खाऊ मात्र मी स्वतः आणलेलाच वापरणार. काकू त्याला कच्ची कलेजी कुस्करून घालतात. हाताने. परातीत बसून, बोटांच्या फटींतून काळं रक्त गळतंय, आणि त्या माझ्याशी गप्पा मारतायत. मग तोच हात नुसता पाण्याखाली धरून त्यांनी मला चहा दिला. कपाच्या कानाला काहीतरी तंतूसारखं चिकटलेलं होतं. चहा मी कुंडीत ओतला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

हुशार आहे पठ्ठ्या! आज अर्ध्या रस्त्यापर्यंत दोरी लोंबती राहिली. एक स्कूटर अंगावरून गेल्यासारखी गेली, तर तो माझ्या गुडघ्याला येऊन टेकला आणि वर बघितलं. हाक मारली की येतो, टेकतो, मान माझ्या मांडीवर ठेवतो. दादाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं की याला आमच्या साहेबांना शिकवायला पाठव.

काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. दोरी ताणते का अजून? मी म्हटलं, कधी कधी. तर चेहरा उतरला.

एक लिहायचं राहिलं. दोरी ताणते तेव्हा पट्ट्यातून आवाज येतो. आधी वाटलं शिवण उसवतेय. पण तसा नाही. बाळ बाटलीतलं तळाचं दूध ओढतं तसा.

रविवार, १७ नोव्हेंबर

मला जेवण जात नाहीये.

आज त्याला घासत होते. पट्ट्याच्या कडेखालचे केस नुसत्या बोटाने निघून आले, मुठीएवढे, मुळाशी पांढरट चिकटा. खाली कातडी उकडलेल्या अंड्यासारखी. कडेवर बोट फिरवलं तर बुळबुळीत काहीतरी लागलं, तीनदा साबणाने धुतलं तरी वास जात नाही. तेच, फुलदाणीतलं पाणी. लिहिताना पेन धरलंय तर नखाखालून वास येतोय.

एवढी कलेजी खाऊनही त्याच्या बरगड्या दिसायला लागल्यात.

काकूंना म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊया, मी नेते, पैसेही मीच देते. त्या आधी नाही म्हणाल्या, मग चिडल्या, मग पदराने तोंड झाकून रडल्या. शिकवायला ठेवलंय तेवढं शिकव, म्हणाल्या. दोरी सैल राहिली की सगळं ठीक राहतं, असंही म्हणाल्या. याचा अर्थ मला लागला नाही. मास्तर खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी खाकरून मांडीवरच्या वाटीत थुंकलं आणि वाटीत बघत राहिले. मफलरला कडेने पिवळट डाग आहेत, धुऊनही न गेलेले. मला एकदम जाणवलं, वास त्यांनाही येतो. त्यांच्या अंगालाच येतो.

बुधवार, २० नोव्हेंबर

काढला पट्टा. जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

दुपारी काकू प्लास्टर काढायला दवाखान्यात गेल्या. मास्तर झोपले होते. मी रणगाड्याला न्हाणीघरात घेतलं, दार लावलं, काकूंची कात्री आणली. तो मान माझ्या मांडीवर टाकून पडला. इतका शांत की मलाच रडू आलं. टाके जाड होते. त्याच्या गळ्यात हात घालून, गालाला गाल लावून एकेक कापावा लागला. आतलं अस्तर ओलं होतं, काळपट, साय धरल्यासारखं. तेही कापलं आणि पट्टा उलगडला.

आत औषध नव्हतं.

आत दुसरा पट्टा होता. फिकट, मांसाचा. धुतलेल्या आतड्यासारखा, मनगटाएवढा जाड, मानेभोवती पूर्ण वळसा घालून स्वतःचंच टोक स्वतःखाली खुपसलेला. मला वाटलं गळू आहे. मग तो आखडला. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लाट गेली, गिळल्यासारखी.

मी ओरडले की नाही आठवत नाही. कात्री पडली. तो आपणहून सुटायला लागला, मलमपट्टी ओढून काढताना येतो तसा आवाज करत. खालची बाजू दिसली. पपई कापल्यावर बिया दिसतात तशा रांगाच रांगा, काळ्या, ओल्या, आणि प्रत्येक उघडझाप करणारी. तो फरशीवर पडला. फटाक, ओल्या फडक्यासारखा. मग सरकत सरकत, अजिबात घाई न करता, मोरीच्या भोकात गेला. एवढा जाड, एवढ्याशा भोकात. शेवटचा भाग जाताना फुगला आणि त्यातून रक्त उडालं. माझ्या पायावर. कोमट.

मी तिथेच ओकले. मग बंब तापवून उकळतं पाणी ओतलं, फिनेलची अख्खी बाटली ओतली. रणगाड्याच्या मानेवर सगळीकडे बारीक छिद्रं आहेत. ती धुतली, मलम लावलं. तो माझा हात चाटत होता.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सकाळी असा चालला म्हणून सांगू! फाटकातून बाहेर पडला, थांबला, मानेला झटका दिला, आणि माझ्या गुडघ्याशी येऊन चालायला लागला. दोरी हातात नुसती होती म्हणून होती. पुलापर्यंत गेलो, परत आलो. तो कधी ओढाळ नव्हताच. तो सुटायला बघत होता आणि जिकडे जाईल तिकडे ते त्याच्या गळ्यात होतं.

काकू मला रागावल्या नाहीत. त्याचीच भीती वाटते. काल आल्या, कापलेला पट्टा पाहिला, पांढऱ्या पडल्या. ते कुठे गेलं, एवढंच विचारलं. मग मोरीवर पाटा ठेवला, मास्तरांच्या खोलीच्या दाराखालची फट चिंध्यांनी गच्च भरली आणि त्या दारासमोर खाली अंथरूण घातलं. मला म्हणाल्या, कुत्र्याला खोलीत घे आणि जवळ घेऊन झोप. अगदी मायेने म्हणाल्या.

मी त्याला फाटकाजवळच्या पडवीत बांधलं आणि एकटी झोपले. का कोण जाणे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

मास्तरांनी आज मला बोलावलं. काकू बाजारात होत्या. त्यांनी मफलर सोडला. मानेभोवती पूर्ण वळसा, पांढरी पडलेली छिद्रं, रांगाच रांगा. एक अजून ओली होती.

एका सकाळी उठलो तर होतं, म्हणाले. कुठून आलं माहीत नाही. डॉक्टरांकडे गेले तर चिमटा लागताच ते आवळलं, मास्तर टेबलावरच निळे पडले, डॉक्टरने हात मागे घेतला. ओढून ते निघत नाही. बोललं तरी आवळतं. आपणहून सुटतं ते फक्त दुसरी ताजी, गरम मान जवळ आली तर. काकूंनी रस्त्यावरचा एक धष्टपुष्ट कुत्रा आणला, त्याला खाऊ-पिऊ घातलं, लळा लावला, आणि मास्तरांच्या उशाशी झोपवायला लागल्या. सकाळी मास्तर मोकळे होते. मग वरून पट्टा शिवला, कारण अंधारात ते सुस्त राहतं. पण दोरी ताणली, गळ्याला हिसका बसला, की जागं होतं आणि दुसरी मान शोधायला लागतं. काकू पडल्या त्या दिवशी ते पट्ट्याच्या काठापर्यंत आलं होतं. म्हणून मला बोलावलं. कुत्रा शांत चालावा म्हणून.

एवढं सांगून मास्तर रडले. म्हणाले, तिला दोष देऊ नकोस, माझ्यासाठी केलं. दोष? मला त्यांची, त्यांच्या वाटीची, त्या घराची, मी इथे गिळलेल्या प्रत्येक घासाची किळस आली. उद्या सकाळी निघते. रणगाड्याला घेऊनच.

शनिवार, २३ नोव्हेंबर

उशी ओली आहे. घाम नव्हे. बोटाला तार येते.

वास माझ्या केसांना येतोय.

आरशात बघवत नाही. हाताने चाचपलं. केसांखाली, मागे. थंड वाटलं होतं, पण थंड नाही. माझ्याइतकंच गरम आहे.

शनिवार, दुपार

दुखत नाही. हेच सगळ्यांत घाण आहे. दुखत नाही, उलट गुंगी येते, बरं वाटतं, आणि तोंडात गोडसर चव. थुंकले तर गुलाबी.

नखांनी ओढायला गेले. डोळ्यांपुढे काळं झालं. शुद्धीवर आले तेव्हा गाल फरशीवर, आणि ते चोखत होतं. आवाज आतून ऐकू येतो. हाडांतून.

आईला फोन लावला. हॅलो म्हटलं आणि आवळलं. ती हॅलो हॅलो करत राहिली. ठेवून दिला.

म्हणून लिहितेय. लिहिण्याला ते हरकत घेत नाही.

शनिवार, संध्याकाळ

काकू दाराशी आल्या. आत नाही आल्या. ताटलीत खाऊ ठेवला. माझा नाही, कुत्र्याचा. म्हणाल्या, “हाक मार त्याला. येईल तो. मांडीवर मान ठेवेल, तू शिकवलंयस ना. जरा वेळ धरून बस, की सुटशील बाई.”

खाली मशीन चालू आहे. नवा पट्टा शिवतायत.

रणगाडा दार खरवडतोय. हाक न मारताच आलाय. मी दार जरासं उघडून पाय आपटले. तो बसला. मी टाळी वाजवली, चप्पल फेकली, हातवारे केले. तो बाजूला सरकून माझ्या गुडघ्याची वाट बघत बसला. मी त्याला शिकवलेलं एकूण एक त्याला आठवतंय. पळ, एवढंच शिकवलं नाही.

त्याचा वास आला की ते सैल होतं. जरासं. मला कळतं. आणि मला तेव्हा इतकं बरं—

नाही. नाही करणार.

रविवार, २४ नोव्हेंबर

पहाटे दाराच्या फटीतून हात लांब करून दोरी त्याच्या हार्नेसला लावली, काठीने लांब धरून त्याला बाहेर नेलं. जवळ येऊ दिलं नाही. फाटकाबाहेर खांबाला बांधला. मी आत वळले तर त्याने ओढलं. माझ्याकडे. दोरी तारेसारखी ताठ.

दादाला मेसेज केला. कुत्रा फाटकाबाहेर बांधलाय, घेऊन जा, त्याला तुझ्याकडे ठेव. आत येऊ नकोस. माझ्याजवळ येऊ नकोस. काही विचारू नकोस. त्याने विचारलंच. मी फोन उलटा ठेवला.

कडी लावली. कपाट दाराला लावलं. जोर पुरत नाही, कपाट नीट—

रविवार

झोप येतेय. पाठीपर्यंत ओलं. वहीवर ठिपके पडतायत, पुसले तर पसरतात.

गाडी आली. खिडकीतून दिसतंय. दादा. रणगाडा त्याला हुंगतोय. दादाने दोरी सोडली. गाडीचं दार उघडलं. चढ. चढ रे. चढला.

सुटला.

दादा गाडीत बसत नाहीये. वर बघतोय. मी हात हलवला, जा, जा. त्याला वाटलं बोलावतेय—

फाटक उघडलं.

ओरडायला गेले. आवळलं. आवाज नाही. नुसती गुलाबी तार.

खाली काकू बोलतायत. स्वच्छ ऐकू येतंय. “वर आहे बाबा, बरं झालं आलास. घाबरलीय पोर. दार ढकल, आणि आधी घट्ट जवळ घे तिला.”

जिना. तोच. दोन-दोन पायऱ्या चढतो तो.

दादा नको हे वाच पान फाडून दाराखाली सरकवते

दार हलतंय. कपाट सरकतंय. हाक मारतोय मला, लहानपणच्या नावाने—

मानेवर सैल होतंय. एका बाजूने. सुटतंय. दादा मागे हो मागे हो मला हात लावू न